गाव सुटलं, आडनाव उरलं

पनवेलमध्ये राहणाऱ्या माणसाला ‘पनवेलकर’ म्हणण्यात काही मतलब नसतो. तिथे सगळेच पनवेलचे. हे आडनाव चिकटतं ते माणूस होडीत बसून मुंबईला उतरला, घाट चढून पुण्याला गेला किंवा शेजारच्या तालुक्यात दुकान टाकून बसला म्हणजे. तिथले लोक विचारतात, कुठचे तुम्ही? उत्तर मिळतं, आणि ते उत्तरच पुढे मुलानातवंडांच्या नावामागे लागतं. म्हणून ‘-कर’ने संपणाऱ्या आडनावाचा नकाशा काढायला बसलं, की ज्या गावाचं नाव त्या आडनावात आहे नेमक्या त्याच गावात ते विरळ आणि भोवतालच्या मुलखात दाट दिसावं, अशी अपेक्षा ठेवावी लागते. आडनाव गावात जन्मत नाही, गावाच्या वेशीबाहेर जन्मतं.

हे तत्त्व सगळ्या मराठी मुलखाला लागू आहे. पण ते अगदी स्वच्छ पाहायचं असेल तर पनवेल, पेण, अलिबाग, रोहा, मुरुड या पट्ट्यातल्या बेने इस्रायली समाजाकडे पाहावं. हा समाज लहान, त्याचं मूळ क्षेत्र आखीव आणि आडनावं जवळजवळ सगळी गावांवरून आलेली. आडनावाचा प्रवास गावापासून परदेशापर्यंत पावलापावलाने दाखवता येईल असा दुसरा समाज मला महाराष्ट्रात माहीत नाही.

बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना नवगावातच मूठमाती दिली. ती जागा आजही समाज पवित्र मानतो. वाचलेल्यांचे वंशज आजूबाजूच्या गावांत पांगले आणि तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी शाब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा वार, म्हणून शनिवारी घाणा बंद. त्यावरून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं, शनवार तेली. सोमवारी महादेवाचा वार म्हणून बैलाला विश्रांती देणारे ते सोमवार तेली, असा भेद गावात स्पष्ट होता. त्या काळात धर्माची ओळख वाराने व्हायची, आणि आडनावाची तशी गरजच नव्हती.

गाव लहान असेल, तिथे यहुद्यांची तीन-चारच घरं असतील, तर ‘इलोजी तेली’ म्हटलं की कोण ते सर्वांना कळतं. इलोजी म्हणजे एलिया. सॅम्युएलचा सामाजी झाला, एझिकेलचा हसाजी, अब्राहमचा अब्राजी. धर्मग्रंथातली नावं मराठी वळणाने अशी घरगुती झाली होती. अडचण आली ती हे लोक मुंबईत एकत्र जमू लागले तेव्हा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत, गोदीत, सुतारकामात आणि गवंडीकामात बेने इस्रायली मोठ्या संख्येने शिरले. आता एकाच पलटणीत चार सामाजी आणि पाच मुसाजी. नावांचा साठा मोजका, कारण नावं धर्मग्रंथातूनच यायची, आणि नातवाला आजोबाचं नाव ठेवलं की तीच नावं एका पिढीआड फिरत राहायची. त्यांना वेगळं काढायला कोकणातलं गाव उपयोगी पडलं. हा सामाजी दिव्याचा, तो पेणचा, तिसरा किहीमचा.

सामाजी हसाजी दिवेकर हे या नावांतलं सर्वांत प्रसिद्ध. इंग्रजी कागदांत हेच गृहस्थ सॅम्युएल एझिकेल दिवेकर आहेत. कंपनीच्या फौजेत ते अधिकारपदाला चढले आणि म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात पहिलं सिनेगॉग, यहुद्यांचं प्रार्थनाघर, बांधलं, शआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि तो रस्ता सॅम्युएल स्ट्रीट झाला. त्यांच्या नावाचे तिन्ही भाग वेगवेगळे पाहावेत. ‘सामाजी’ धर्माकडून आलं, पण मराठी होऊन. ‘हसाजी’ हे बापाचं नाव, मराठी माणसाच्या नेहमीच्या रीतीने मधोमध बसलेलं. ‘दिवेकर’ जमिनीकडून आलं. एका माणसाची सगळी ओळख या तीन शब्दांत मावली, आणि तिसऱ्या शब्दावर कुठल्याही एका धर्माची मालकी नव्हती. दिवेकर हे चित्पावनांतही आहे.

‘-कर’ लावायची मराठीची पद्धत आपण इतकी सहज वापरतो की तिच्यातला नियम लक्षात येत नाही. गावाचं नाव अकारान्त असलं तर ‘कर’ सरळ जोडला जातो: पेणकर, चौलकर, थळकर, आवासकर. नाव आकारान्त असलं तर शेवटचा ‘आ’ बहुधा ‘ए’ होतो: रोहाचं रोहेकर, दांड्याचं दांडेकर, आपट्याचं आपटेकर. हे माहीत असलं की उलट दिशेनेही जाता येतं. आडनावात ‘-ेकर’ दिसलं की गाव ‘आ’ने किंवा ‘ए’ने संपत असणार असा अंदाज बांधावा आणि तालुक्याच्या यादीत शोधावं. आडनावावरून गाव शोधणाऱ्याला एवढ्या व्याकरणाने अर्धा रस्ता तरी काटता येतो.

आता या नावांचा मूळ पट्टा पाहू. किहीमवरून केहिमकर, नवगाववरून नवगावकर, नागाववरून नागावकर, आवासवरून आवासकर, थळवरून थळकर, झिराडवरून झिराडकर, मापगाववरून मापगावकर, पेझारीवरून पेझारकर: हा सगळा अलिबाग तालुका. खाली उतरलं की चौलकर आणि रेवदंड्याच्या खाडीपलीकडचे कोर्लेकर. आत वळलं की पेणकर आणि पेण तालुक्यातल्याच वाक्रूळचे वाक्रूळकर. दक्षिणेला राजपुरीचे राजपूरकर, घोसाळ्याचे घोसाळकर, तळ्याचे तळकर. उत्तरेच्या टोकाला पनवेल तालुक्यातल्या आपट्याचे आपटेकर. अशी शंभरावर आडनावं या समाजात आहेत. ती सगळी नकाशावर टिंबांनी दाखवली तर पनवेलच्या खाडीपासून मुरुड-श्रीवर्धनपर्यंत एक पट्टी उमटते, सह्याद्रीच्या पायथ्याशी थांबणारी. घाटावरचं गाव त्यांत क्वचित सापडेल. समाजाचा लिखित इतिहास सुरू होण्याआधी तो कुठे राहत होता, याचा यापेक्षा विश्वासू कागद नाही.

या पट्टीतली एक जागा मला विशेष मोलाची वाटते. कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहा आहे आणि समोरच्या तीरावर अष्टमी. दोन्ही गावं इतकी लगत की नगरपरिषदही एकच, रोहा-अष्टमी नगरपरिषद. बाहेरच्या माणसाला हे एकच गाव. पण बेने इस्रायलींत रोहेकर वेगळे आणि अष्टमकर वेगळे. एका नदीच्या पात्राएवढं अंतर आडनावाने पिढ्यान् पिढ्या जपलं आहे, तेही रोह्यापासून हजारो मैलांवर स्थायिक झालेल्या घरांमध्ये. याचा अर्थ असा, की ही नावं पडली तेव्हा लोकांच्या मनात एकक होतं ते गाव. तालुका नाही, पेठ नाही, नदीकाठचा परिसर नाही. जिथे घाणा, ते गाव. जिथे कबरस्तान, ते गाव.

पनवेलचं या नकाशातलं स्थान मात्र वेगळं आहे. इथून नाव घेऊन गेलेल्यांपेक्षा नाव घेऊन इथे आलेल्यांची गोष्ट जास्त मोठी. कारण पनवेल हा नाका होता. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि तिथून खोपोलीमार्गे घाट चढायचा. पनवेल मालाचं, गाड्यांचं, बैलांचं गाव झालं. पनवेलची गाडीची चाकं दूरवर नावाजलेली होती. कोकणातल्या आतल्या गावांतून जो निघाला त्याची पहिली पायरी अनेकदा पनवेल. १८४९ साली इथे बेथ एल सिनेगॉग उभं राहिलं, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५२ मध्ये, पनवेलची नगरपालिका आली. नगरपालिकेच्याही आधी सिनेगॉग, यावरून त्या पेठेत या समाजाचं वजन किती असेल ते समजावं. प्रार्थनेला एकत्र जमलेल्यांत गावोगावची आडनावं असणार, हे उघड आहे, कारण दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय यहुद्यांची सामुदायिक प्रार्थना होत नाही आणि एका लहान गावात दहा पुरुष मिळणं कठीण. सिनेगॉग हे नावं एकत्र आणणारं ठिकाण होतं.

जुने कागद धुंडाळणाऱ्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पनवेल आज रायगडात आहे, पण १८८२ साली छापलेल्या गॅझेटियरमध्ये ते ठाणे जिल्ह्यात सापडेल, कारण तो तालुका नंतर कुलाबा जिल्ह्याकडे आला. आणि कुलाब्याचं रायगड झालं १९८१ साली. पणजोबांच्या कागदावर ‘जिल्हा ठाणे’ किंवा ‘जिल्हा कुलाबा’ दिसलं म्हणून घराणं दुसरीकडचं असा निष्कर्ष काढू नये. जिल्ह्यांच्या हद्दी हलल्या, आडनावातलं गाव जागचं हललं नाही.

मुंबईत मात्र एक उलटा बदल घडला. इंग्रजी शाळा आणि सरकारी कचेऱ्या आल्या तसा अनेक घरांनी गावाचा शब्द गाळला आणि बापाचं किंवा आजोबाचं नाव आडनावाच्या जागी ठेवलं. एझिकेल, सॅम्युएल, मोझेस, डेव्हिड, बेंजामिन, रूबेन: मुंबईच्या शाळेच्या हजेरीपटावर ही आडनावं झाली. याची कारणं समजण्यासारखी आहेत. साहेबाला ‘वाक्रूळकर’ उच्चारता येत नसे, ‘सॅम्युएल’ येत असे. शिवाय बगदादहून आलेले सधन यहुदी मुंबईत होते, त्यांच्यात उठबस करताना आपलं यहुदीपण नावातूनच दिसावं असंही वाटलं असेल. पण शोध घेणाऱ्यासाठी हा मोठा खड्डा आहे. त्यामुळे एकाच घराण्याची एक शाखा ‘-कर’ आणि दुसरी नुसती ‘मोझेस’ असं होतं, आणि दोघांचं नातं कागदावर दिसेनासं होतं. मुंबईत महालक्ष्मी-वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस मार्ग रोज हजारो लोक वापरतात. हे डॉ. एलिया मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते आणि त्यांचं घराणं राजपूरकर. पाटीवर राजपुरी नाही. ती असती तर मुरुडच्या खाडीवरल्या त्या गावाला आपला माणूस ओळखू आला असता.

ज्यांनी गावाचं नाव सोडलं नाही त्यांच्यामुळे ही परंपरा टिकली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांचं नाव पहिल्यांदा घ्यायला हवं. समाजासाठी १८७५ साली मुंबईत शाळा सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि १८९७ साली त्यांनी बेने इस्रायलींचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापला गेला चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीवला. पुढच्या सगळ्या अभ्यासकांना रीतीभाती, नावं आणि गावं यांसाठी याच पुस्तकाकडे यावं लागतं. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी यहुदी प्रार्थना हिब्रूतून मराठीत आणल्या. भारतीय बोलपटांचा जन्म झाला तो ‘आलम आरा’ने १९३१ साली, आणि तो ज्या नाटकावरून घेतला त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा म्हणून घराघरांत पोहोचलेले डेव्हिड हे पडद्यावर नुसते डेव्हिड असले तरी पूर्ण नावाने डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलला जुने युरोपीय लोक ‘चेउल’ लिहीत, तेच रूप त्या आडनावात गोठून राहिलं आहे. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख राहिलेल्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावात तर ‘कर’ही नाही, गाव थेट उभं आहे.

मुंबईबाहेर ही नावं नोकऱ्यांच्या मागे गेली. पलटण, रेल्वे, टपालखातं, सर्वेक्षण, इस्पितळं. एडनलाही गेली, पुण्यालाही. कराचीत १८९३ साली मागेन शालोम सिनेगॉग बांधलं ते सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी. ते कराची नगरपालिकेत सर्वेक्षक होते. १९८८ साली ती इमारत पाडली गेली. कराचीत आज मराठी कानावर पडणं दुर्मीळ, पण तिथल्या यहुदी इतिहासाच्या पहिल्याच पानावर एक अस्सल कोकणी आडनाव आहे. अहमदाबादेत एरुलकर आणि दांडेकर घराणी रुजली. डॉ. अब्राहम सॉलोमन एरुलकर गांधीजींचे डॉक्टर होते. त्यांच्या कन्या लीला यांनी ग्लाफकोस क्लेरिडीस यांच्याशी लग्न केलं. क्लेरिडीस १९९३ ते २००३ सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष होते. भूमध्य समुद्रातल्या बेटाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचं माहेरचं आडनाव ‘-कर’ने संपावं, इतका हा पसारा लांबला.

ब्रिटनमध्ये आडनावांचा भूगोल हा गंभीर अभ्यासाचा विषय आहे, आणि त्यातून आपल्याला काही शिकता येतं. हेन्री गपी यांनी १८९० साली ब्रिटिश आडनावांच्या मूळस्थानांवर पुस्तक लिहिलं तेव्हा शहरातल्या लोकांची नावं त्यांनी बाजूला ठेवली आणि शेतकऱ्यांच्या याद्या धरल्या, कारण शेतकरी जागचा सहसा हलत नाही. पुढच्या अभ्यासकांना १८८१ च्या जनगणनेचा आधार मिळाला. दुर्मीळ आडनावांच्या बाबतीत असं दिसलं की शेकडो वर्षांनंतरही ती मूळ जागेच्या दहा-वीस मैलांच्या घेरात दाटलेली राहतात. तिथेही गावावरून पडलेली आडनावं भरपूर आहेत. दक्षिण ध्रुवाकडे मोहिमा काढणारे अर्नेस्ट शॅकल्टन जन्मले आयर्लंडमध्ये, पण त्यांचं आडनाव यॉर्कशरच्या डोंगरातल्या शॅकल्टन नावाच्या एका वाडीचं. अमेरिकेच्या राजधानीला ज्यांचं नाव आहे त्या वॉशिंग्टन घराण्याचं नाव इंग्लंडच्या उत्तरेकडच्या वॉशिंग्टन गावावरून आलं. फरक एवढाच की इंग्लंडात गावाचं नाव लावणारा कित्येकदा त्या गावाचा जमीनदार असे. आपल्याकडे असं नाव बहुधा निघून गेलेल्याचं.

आडनाव आणि रक्त यांचा मेळ घालण्याचा प्रयत्नही तिकडेच आधी झाला. पुरुषाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र आणि बापाकडून मुलाकडे जाणारं आडनाव, दोघांची वाट एकच. ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञांनी २००० साली स्वतःचंच आडनाव असलेल्या पुरुषांची तपासणी केली, आणि जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच घराण्याकडे बोट दाखवत होतं. पुढच्या अभ्यासांतून हेही दिसलं की आडनाव जितकं दुर्मीळ तितकी एकच मूळपुरुष असण्याची शक्यता जास्त. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार प्रत्येक गावात होता, म्हणून सगळे स्मिथ एका रक्ताचे असण्याचा प्रश्नच नाही.

हा नियम कोकणात जसाच्या तसा आणला तर फसगत होईल. ‘-कर’ आडनाव गावाचं, आणि गाव सर्व जातिधर्मांचं. क्रिकेटच्या जाणत्यांना रामनाथ पारकर आणि गुलाम पारकर दोघेही आठवतील. दोघेही मुंबईचे सलामीचे फलंदाज, दोघेही भारताकडून कसोटी खेळलेले, एक हिंदू आणि एक कोकणी मुसलमान. आडनाव एक म्हणून त्यांना कुणी भाऊबंद ठरवणार नाही. दांडेकरांचं तर विचारूच नका. दांडा नावाची गावं किनाऱ्यावर जागोजागी आहेत. सोनोपंत दांडेकर पालघरकडच्या केळवे-माहीमचे. बेने इस्रायली दांडेकर अलिबागच्या बाजूचे, ज्यांची कहाणी अहमदाबादच्या लेखिका एस्थर डेव्हिड यांच्या कादंबऱ्यांमधून वाचायला मिळते. म्हणजे एका आडनावाला अनेक गावं आणि एका गावाला अनेक जाती. इथे नुसत्या आडनावाने काहीच सिद्ध होत नाही. आडनाव आणि समाज, दोन्ही एकत्र धरले तरच गाठ सुटते. बेने इस्रायली वाक्रूळकर म्हटलं की मात्र वाक्रूळमधल्या फार थोड्या घरांपर्यंत पोहोचता येतं, आणि तिथे साइक्स यांची पद्धत लागू पडावी.

आपटेकरांचं उदाहरण याहून बोलकं आहे. आपटा हे पाताळगंगेच्या काठचं पनवेल तालुक्यातलं गाव. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’च्या शेवटी गाडी सुटते ते स्टेशन आपट्याचं, एवढं सांगितलं की सर्वांना ओळख पटते. या गावचे बेने इस्रायली ते आपटेकर. पण रशिया आणि युक्रेनच्या यहुद्यांतही आपटेकर हे आडनाव आहे, आणि त्याचा आपट्याशी काही संबंध नाही. तिकडे ‘आपतेका’ म्हणजे औषधांचं दुकान, आणि ‘आपतेकर’ म्हणजे औषधविक्या. दोन्हीकडचे लोक विसाव्या शतकात इस्राएलमध्ये जाऊन राहिले. तिथल्या दूरध्वनीच्या यादीत दोन्ही आपटेकर एकाखाली एक छापले गेले तर हिब्रू अक्षरांवरून कोण पाताळगंगेचा आणि कोण युक्रेनचा हे सांगणं केवळ अशक्य. हिब्रूत स्वर बहुधा लिहिले जात नाहीत, ‘प’ आणि ‘फ’ला मूळ अक्षर एकच. पेणकर, पिनकर, पनकर सगळे सारखेच दिसू शकतात. अशा वेळी आजोबांचं नाव आणि कोणत्या गावाहून आलात हा जुना प्रश्नच विचारावा लागतो.

१९४८ नंतर बेने इस्रायलींचा मोठा भाग इस्राएलला गेला. भारतात तेव्हा त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती, आता चार-पाच हजार असावी. अश्दोद, लोद, रामले, दिमोना, बीरशेबा, येरुहाम या गावांत कोकणी आडनावांची वस्ती झाली. मराठी मंडळं निघाली, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघू लागलं. या स्थलांतरात एक कडवट प्रसंग आला. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने फतवा काढला की बेने इस्रायली व्यक्तीचं इतर यहुद्यांशी लग्न लावण्याआधी तिच्या आईकडची वंशावळ जितकी मागे जाईल तितकी तपासावी. समाज पेटून उठला, निदर्शनं झाली, धरणं धरलं गेलं, आणि १९६४ साली संसदेने ते सर्व दृष्टींनी समान यहुदी असल्याचं बजावल्यावर ते प्रकरण मिटलं. यात आडनावाची मर्यादा उघडी पडते. धर्मपीठाला हवी होती आईकडची वंशावळ, आणि आडनाव सांगतं बापाकडचं गाव. शंभर वर्षं जपलेला पेणकर किंवा रोहेकर हा शब्द त्या चौकशीत कामाचा नव्हता. पनवेलची लेक आपट्याला दिली, तिची लेक पेणला दिली, तिची मुंबईला, तर त्या तिघींच्या गावांची नोंद आडनावांत कुठेच राहत नाही.

२०१६ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात बेने इस्रायलींच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यात या समाजात यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा मोठा वाटा दिसला. यहुदी वाटा पुरुषांकडून अधिक आणि भारतीय वाटा स्त्रियांकडून अधिक आला होता, आणि ही मिसळण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची असावी असा हिशेब निघाला. समाजाची आठवण पुरुषांच्या नावांनी लिहिली गेली, पण कोकणात मुळं धरली ती स्त्रियांनी. आडनावांच्या नकाशात ज्यांची गावं नोंदली गेली नाहीत, त्या बायकांचं गाव त्यांच्या लेकरांच्या पेशींत लिहिलेलं आहे. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा शोध वाटतो.

ज्यांच्या घरात असं आडनाव आहे आणि ज्यांना मूळ गाव नक्की करायचं आहे, त्यांनी सुरुवात कबरस्तानापासून करावी. कोकणातल्या यहुदी कबरींवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा आढळतात, आणि मुंबईच्या कागदावर जो नुसता ‘डेव्हिड’ आहे तो गावच्या दगडावर पूर्ण ‘-कर’ असू शकतो. दुसरं साधन केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा. तिसरं सिनेगॉगच्या जुन्या वह्या, ज्यांत देणगीदारांची नावं असतात. ही कामं लवकर व्हायला हवीत. कोकणातल्या बऱ्याच गावांत आता एकही बेने इस्रायली घर उरलेलं नाही, कबरींचे दगड पावसात झिजत आहेत, आणि कोणाचं शेत कुठे होतं, घाणा कुठल्या आळीत होता, हे सांगू शकणारी हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांची शेवटची पिढी सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांना विचारायला गेलं तर आडनाव सांगावं लागत नाही. शनवार तेल्यांचं घर कुठे होतं, एवढं विचारलं तरी पुष्कळ ठिकाणी माणूस उठून जागा दाखवायला येतो.